शाहनवाजखानांचे कागद

तुम्ही पोहोचता तेव्हा इसवी सन १७४४ चालू आहे आणि बाबा शाह मुसाफिरांच्या तकियात पाणी नुकतेच आले आहे. उत्तरेच्या डोंगरातून खापरी नळांनी, बरीचशी वाट जमिनीखालून, ते इथवर आणले आहे. शेवटी एका उंच भिंतीच्या पोटातून ते वर चढते आणि माथ्यावरून हौदात कोसळते. खाली पाणचक्कीचे जाते घरघरते आहे. दळणाच्या गोण्या घेऊन आलेला हर्सूलकडचा एक कुणबी तोंडावर उडणारे तुषार उपरण्याने पुसत तुमच्याकडे बघतो. तुमचे कपडे त्याला विचित्र वाटत नाहीत. या तकियात बुखारा-समरकंदकडचे फकीर येतात, मक्केला निघालेले येतात, काम सुटलेले शिपाई येतात. नवा माणूस दिसला की त्याला आधी जेवायला वाढायचे आणि मग नाव विचारायचे, अशी इथली रीत.

"पाव्हणं, ते सावलीत बसलेत ना, ते पुस्तकवाले बाबा," तो सांगतो. "लई शिकलेत म्हणं. पण चाकरी करत नाहीत कुणाची."

चाळिशीचा माणूस. गुडघ्यावर पाटी, पाटीवर कागद, शेजारी दौत. हे मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी. १७०४ साली अवधातल्या बिलग्राम गावी जन्मले, हजला गेले, मदिनेत मुहम्मद हयात सिंधी यांच्यापाशी हदीस शिकले, आणि परतताना सुरतेवरून दख्खनेत उतरून औरंगाबादला आले ते इथेच रमले. तकियात ते सात वर्षे राहणार आहेत आणि या शहरात आयुष्य संपेपर्यंत. फारसीत लिहितात आणि अरबीतही कविता करतात. पुढे लोक त्यांना हिंदचा हस्सान म्हणतील. हस्सान म्हणजे पैगंबरांच्या काळचा कवी. अरबी कवितेत यापेक्षा मोठा मान हिंदुस्थानी माणसाला मिळणे अवघड.

तकियातून निघून नदी ओलांडा, शहरात या. या रस्त्यांवर घोडे, पालख्या, भिस्ती यांची एवढी दाटी आहे की भिंतीला घासून चालावे लागते. औरंगजेबाने आपली शेवटची पंचवीस वर्षे दख्खनेत काढली, त्याच्या मागोमाग दिल्लीचे सगळे उमराव इथे आले, आणि बादशहा गेल्यावरही त्यांच्या हवेल्या, त्यांचे ग्रंथ आणि त्यांची नातवंडे इथेच राहिली. अशाच एका हवेलीत शिरा. आत दंगा नाही, दिवाणखान्यात मुजऱ्याला माणसे नाहीत. मालकावर निजामाची इतराजी झालेली आहे, त्यामुळे भेटायला येणाऱ्याचेही नाव खराब होते.

मालक म्हणजे मीर अब्दुर रज्जाक, किताब शाहनवाजखान. वय चव्वेचाळीस. जन्म लाहोरचा, घराणे मूळचे खुरासानातल्या ख्वाफचे. वऱ्हाडचे दिवाण होते. १७४१ साली निजामुल्मुल्काचा मुलगा नासिरजंग बापाविरुद्ध उठला, त्याच्या बाजूने हे उभे राहिले. औरंगाबादेजवळच लढाई झाली, मुलगा हरला आणि खानसाहेब घरी बसले. पाच-सहा वर्षे त्यांना कुठलेही काम मिळणार नाही.

त्या रिकाम्या वर्षांत ते काय करतात ते नीट बघा, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. गालिच्यावर चहूबाजूंनी पोथ्या उघड्या पडल्या आहेत. अकबरनामा आहे, पादशाहनामा आहे, शहाजहानच्या काळी फरीद भक्करीने लिहिलेला उमरावांचा चरित्रसंग्रह आहे. खानसाहेब एकेका उमरावाचे नाव घेतात आणि विखुरलेले दुवे एकत्र आणतात. बाप कोण, मनसब किती, कोणत्या मोहिमेत कामी आला, मुले कुठे गेली. अकबराच्या राज्यापासून स्वतःच्या दिवसांपर्यंतचे सगळे मोठे सरदार एका ग्रंथात आणायचे असा हा घाट आहे. ग्रंथाचे नाव 'मआसिरुल उमरा'.

तुम्हाला वाटेल, मनसबीच्या आकड्यांची ही रुक्ष यादी असेल. कागदावर नजर टाका. अबुल फजलबद्दल लिहिताना ते त्याच्या बुद्धीचे वर्णन करतात आणि लगेच हेही नोंदवतात की पाणी आणि सरपण वगळून त्याचा रोजचा आहार बावीस शेरांचा होता. माणूस दरबारात जेवढा दिसतो तेवढाच नसतो, ही जाण खानसाहेबांना आहे. आणि आपल्या मराठी वाचकाने थांबून पाहावे असेही पुष्कळ आहे. सिंदखेडच्या जाधवरावांचे घराणे या ग्रंथात आहे. शाहू भोसल्यांच्या नावाखाली शहाजी-शिवाजींपासूनची हकिकत आहे. ती मोगल उमरावाच्या नजरेने लिहिलेली आहे, तिच्यातले शब्द आपल्याला टोचतात. तरीही दख्खनेत वाढलेल्या माणसाने दख्खनेतली घराणी मोजदादीत घेतली, ही गोष्ट मला मोठी वाटते. दिल्लीत बसून लिहिणाऱ्याने ती किती घेतली असती?

खानसाहेब आणि आझाद यांची मैत्री या शहरात रुजली. एकजण मोठ्या घरचा, राजकारणात मुरलेला, वकिली आणि तह करण्यात आयुष्य घालवलेला. दुसऱ्याकडे पुस्तकांशिवाय काही नाही आणि नको आहे. १७४८ साली नासिरजंग गादीवर आला, आझादांवर त्याचा लोभ होता, हवे ते पद मिळाले असते. आझादांनी घेतले नाही. उमरावांची स्तुतिकाव्ये लिहून पोट भरणाऱ्या कवींनी दरबार भरलेला असताना त्यांनी हे पथ्य अखेरपर्यंत पाळले. म्हणून एका उमरावाशी त्यांचा जो स्नेह जडला त्यात देण्याघेण्याचा वास नव्हता. दोघांचे खाद्य एकच होते: जुन्या माणसांच्या हकिकती.

आता सात वर्षे पुढे चला. १७५१ चा जून, पावसाची सुरुवात. आभाळ भरून आले आहे आणि शहराच्या वेशीवर बघ्यांची गर्दी आहे. मधल्या काळात तीन निजाम संपले आहेत: निजामुल्मुल्क म्हातारपणाने गेला, नासिरजंग १७५० च्या डिसेंबरात जिंजीजवळ फ्रेंचांचा हल्ला चालू असताना आपल्याच बाजूच्या नवाबाच्या गोळीने पडला, आणि मुजफ्फरजंग दोन महिन्यांत चकमकीत मेला. नासिरजंगाला खुल्दाबादला आणून पुरले. आता त्याचा भाऊ सलाबतजंग गादीवर बसला आहे, आणि त्याला बसवणारा माणूस त्याच्याबरोबर घोड्यावरून येतो आहे.

त्याला निरखून बघा. तिशीच्या आसपासचा, फ्रान्समधल्या स्वासाँजवळच्या एका खालावलेल्या सरदार घराण्यातला, नाव शार्ल दे बुसी. पुढे तो मार्क्विस होईल. मराठी कागदपत्रांत त्याला मुसाबुसी म्हणतात. त्याच्यामागे सुमारे तीनशे गोरे शिपाई आणि दोन हजार गाडदी आहेत. गर्दीतली माणसे तोफा मोजतात. एवढ्याशा फौजेने निजामाचे राज्य पेलले आहे, हे बघून वेशीवरच्या बाया-बापड्यांनाही धाक बसतो. मराठ्यांनाही तो बसणार आहे. याच वर्षीच्या नोव्हेंबरात ग्रहणाच्या रात्री पेशव्यांच्या छावणीवर बुसीचा छापा पडेल.

बुसी नुसता लढवय्या नव्हता. तलवार लागण्याआधी बोलणे संपवण्याकडे त्याचा कल. तो दरबारात बसे, नजराणे देई-घेई, मराठ्यांशी तह करी, आणि या सगळ्यात त्याची जीभ म्हणजे हैदरजंग. मूळ नाव अब्दुर रहमान. फ्रेंच शिकलेला, मच्छलीपट्टणकडचा. बुसीचा दिवाण म्हणून तो निजामाच्या राज्यातल्या बड्या उमरावांना भारी ठरला. बुसी काय म्हणाला हे दरबाराला हैदरजंगाच्या तोंडून कळे आणि दरबार काय म्हणाला हे बुसीला त्याच्याच तोंडून. एवढी सत्ता दुभाष्याच्या हाती गेल्यावर त्याचे डोके ठिकाणावर राहणे कठीण होते.

१७५३ च्या अखेरीस याच शहरात बुसीने आपल्या फौजेच्या पगारासाठी आंध्र किनाऱ्याचे चार सरकार निजामाकडून लिहून घेतले: मुस्तफानगर, एलुरु, राजमहेंद्री, श्रीकाकुळम. आणि याच सुमारास शाहनवाजखान निजामाचे मुख्य कारभारी झाले. किताब मिळाला समसामुद्दौला. आता त्यांच्या हवेलीपुढे इतक्या पालख्या लागतात की तुम्हाला दारापर्यंत जाता येत नाही. ग्रंथ मात्र मागे पडला. बस्त्यात बांधलेले ते कागद कपाटात आहेत. राज्याचा कारभार, थकलेले पगार, मराठ्यांचे चौथाईचे तगादे, यांतून त्यांना हात लावायला सवड नाही.

खानसाहेबांचे बुसीशी जमले नाही, आणि त्यात मला त्यांचाच पक्ष पटतो. राज्याचा वसूल परक्या फौजेच्या पगारात जातो आणि धनी मात्र त्याच फौजेच्या पहाऱ्यात बसतो, हे कारभाऱ्याने किती दिवस बघावे? १७५६ च्या मे महिन्यात, सावनूरच्या वेढ्यानंतर, त्यांनी सलाबतजंगाकडून बुसीला नोकरीतून काढल्याचा हुकूम काढवला. बुसी हैदराबादला जाऊन चारमहालात मोर्चे बांधून बसला. दोन-तीन महिन्यांत त्याला कुमक पोहोचली आणि हुकूम कागदावरच राहिला. खानसाहेबांनी बुसीची ताकद कमी लेखली. आणि बुसीने, किंवा त्याच्या नावाने हैदरजंगाने, हा अपमान गाठीला बांधून ठेवला.

१७५७ साली थकलेल्या पगारासाठी औरंगाबादेत फौजेने दंगा केला. चार महिने, सहा महिने तलब न मिळालेले शिपाई कारभाऱ्याच्या दारात धरणे धरून बसत, तसे बसले आणि मग उठले ते तलवारी उपसून. खानसाहेबांचा कारभार गेला. जीव वाचवायला त्यांनी दौलताबादचा किल्ला गाठला. तुम्ही त्या वाटेने चाला. नगरनाका मागे टाकून देवगिरीचा तो कापीव कडा समोर दिसतो तेव्हा लक्षात येते की ज्याला सगळे राज्य उघडे होते त्याला आता एवढाच एक डोंगर उरला आहे. काही महिन्यांनी समेट होऊन ते खाली उतरले. तोवर सलाबतजंगाचा धाकटा भाऊ निजामअली वऱ्हाडातून पुढे आला होता. त्याच्याकडे बुसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गाडदी होता; पानिपतावर भाऊसाहेबांच्या तोफखान्यापाशी आपल्याला जो भेटतो तोच. डिसेंबरात सिंदखेडला विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांनी निजामअलीला कोंडून तह करायला लावला.

१७५८ च्या सुरुवातीला बुसी किनाऱ्यावरून औरंगाबादला परतला. त्याच वसंतात एक तरुण फ्रेंच प्रवासी, आंकेतिल द्युपेरों, पारशांचे धर्मग्रंथ शिकायला सुरतेकडे जाताना या भागातून गेला आणि वेरूळची लेणी त्याने पाहून टिपून ठेवली. १७७१ साली त्याने अवेस्ता फ्रेंचमध्ये आणला. एकाच देशाची दोन माणसे एकाच ऋतूत या मातीवर होती: एकाच्या हाती तोफा, दुसऱ्याच्या हाती वही. शहराच्या वाट्याला मात्र तोफा आल्या. बुसीने किल्लेदार फोडून दौलताबाद घेतला. एप्रिलमध्ये खानसाहेबांना गाफील गाठून कैद केले. हा डाव हैदरजंगाचा. निजामअलीला हैदराबादच्या सुभेदारीवर धाडून इथून दूर करायचे हे त्याचे पुढचे पाऊल होते.

आता ११ मे १७५८. रमजानचा तिसरा रोजा. तुम्ही भर दुपारी शहरात आहात. गुलमंडीच्या बाजूला दुकानांवर ताडपत्र्या ओढलेल्या, भिस्त्याने शिंपडलेले पाणी दगडावर पडताच वाळून जाते आहे. रोजा धरलेला एक म्हातारा अत्तार दुकानात डोळे मिटून पडला आहे. सायंकाळच्या इफ्तारीसाठी पलीकडे भट्टी पेटवायची तयारी चालू आहे, नानच्या कणकेचा आंबूस वास येतो. अचानक छावणीच्या बाजूने घोडे दौडत येतात. अत्तार उठून बसतो.

"मारला! हैदरजंगाला मारला!"

निजामअलीने त्याला भेटीला म्हणून आपल्या तंबूत बोलावले होते. तिथेच त्याचा गळा कापला गेला. निजामअली घोड्यावर बसून बुऱ्हाणपूरच्या वाटेला लागला. फ्रेंच छावणीत शिट्या, नगारे, धावपळ. आपल्या दिवाणाचा खून झाला, आता पुढे काय होणार हे कुणालाच कळेना. आणि त्या गोंधळात, कैदेत बसलेल्या, तलवारीला हातही न लावता येणाऱ्या शाहनवाजखानांच्या तंबूकडे काही माणसे गेली. फ्रेंचांच्या बाजूच्या लछमना नावाच्या माणसाने त्यांना ठार केले. त्यांच्याबरोबर त्यांचा धाकटा मुलगा अब्दुन नबी आणि यमीनुद्दौला नावाचे एक उमराव हेही मारले गेले. खानसाहेबांचे वय तेव्हा अठ्ठावन्न. शहराच्या दक्षिणेला घराण्याच्या कबरस्तानात त्यांना पुरले.

हा खून बुसीने करवला असे म्हणता येत नाही. पण त्याच्या पहाऱ्यातल्या, निःशस्त्र कैद्याचा जीव त्याच्याच माणसांनी घेतला. मोठ्या पदावरच्या माणसाला हा हिशेब चुकवता येत नाही, आणि फ्रेंच इतिहासकारांनी बुसीच्या चातुर्याचे जे कौतुक केले आहे ते वाचताना मी या तंबूपाशी दरवेळी अडखळतो.

आता हवेलीकडे धावा, उशीर झाला आहे. लूट चालू आहे. लुटारूंना काय हवे ते सगळ्यांना माहीत आहे: रुप्याची भांडी, शालजोड्या, घोड्यांचे साज, तिजोरीची किल्ली. कपाटातले बस्ते ते दागिन्यांच्या आशेने सोडतात, आत कागद निघाले की भिरकावून देतात. रेशमी रुमाल तेवढा कमरेला खोचतात. तुम्ही वाकून एक पान उचलता. काळ्या शाईतली नस्तालिक ओळ, आणि वर लाल हिंगुळाने लिहिलेले एका उमरावाचे नाव. कुणीतरी तुम्हाला ढकलते, पान हातातून सुटते, त्यावर पाय पडतो.

त्या वर्षाच्या पावसाळ्याआधीच बुसी हे शहर सोडून गेला. पॉंडिचेरीत नवा सेनापती लाली आला होता, त्याने त्याला बोलावून घेतले. १७६० च्या जानेवारीत वांदिवाशच्या लढाईत बुसी इंग्रजांच्या हाती लागला आणि दख्खनेतले फ्रेंचांचे राजकारण आटोपले. म्हातारपणी तो पुन्हा हिंदुस्थानात आला आणि १७८५ साली पॉंडिचेरीला वारला. त्याच्या सात वर्षांच्या दबदब्याचा या शहरात आज मागमूस नाही.

आझाद शहरातच राहिले. चोपन्न वर्षांच्या या माणसाजवळ ना फौज होती, ना पद, ना मित्राच्या मारेकऱ्यांना जाब विचारण्याचे बळ. मित्राचे थोरले मुलगे अब्दुल हई आणि अब्दुस सलाम वाचले होते, पण अब्दुल हईच्या नशिबी गोवळकोंड्याची कैद आली. हवेली उजाड. अशा वेळी आझादांनी हाती घेतले ते एकच काम: कागद शोधायचे.

हे काम कसे चालले असेल ते तुम्ही त्यांच्याबरोबर हिंडून बघा. लुटीतला माल बाजारात कुठे उतरतो हे बाजाराला ठाऊक असते. तांब्याचे तांबटाकडे, शाल दलालाकडे, आणि लिहिलेला कागद जिथे कागदाला किंमत आहे तिथे. पुड्या बांधणारा असेल, जुनी पोथी विकणारा असेल, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात जुना कागद भिजवून नवा करणारा कागजी असेल. फारसी न येणाऱ्याच्या हाती गेलेले पान त्याला निरुपयोगी, म्हणून ते लवकर मरते. या शहरात वाचणारी माणसे मात्र पुष्कळ होती. सिराज औरंगाबादी अजून हयात होते, आझादांचे शागीर्द होते, त्यांत लछमीनारायण शफीक नावाचा औरंगाबादचाच कोवळा मुलगा होता, जो पुढे मराठ्यांचा इतिहास फारसीत लिहिणार आहे. कुणाच्या कानावर काही आले तर ते आझादांपर्यंत पोहोचेल, एवढे नाव त्यांनी या गल्ल्यांत कमावलेले होते.

एक वर्ष असेच गेले. मग कागद मिळाले.

सगळे नव्हेत. गठ्ठा समोर आला तेव्हा पाने उलटीसुलटी होती आणि मधली कितीतरी गायब. आता तुम्हीही मांडी घालून बसा, कारण इथे दोन हात जास्त लागणार आहेत. अशा पोथीला पृष्ठांक नसतात. प्रत्येक पानाच्या पाठीमागे, तळाच्या कोपऱ्यात, पुढच्या पानाचा पहिला शब्द तिरका लिहून ठेवलेला असतो. तो वाचायचा आणि त्या शब्दाने सुरू होणारे पान गठ्ठ्यात हुडकायचे. जुळले तर चरित्र पुढे सरकते. न जुळले तर ते पान बाजूला. कोपराच फाटलेला असेल तर मजकुरावरून ओळखायचे: हा उमराव कंदाहारला होता, म्हणजे हे शहाजहानच्या अमदानीतले, याचा जावई कोण ते त्या दुसऱ्या पानावर आले होते. नावे वर्णमालेने लावायची आणि एका अक्षरातली माणसे मृत्यूच्या सालाने. ज्याने पाच-सहा वर्षे खपून ही रचना केली त्याला विचारता येत नाही. त्याच्या डोक्यातला क्रम त्याच्या मित्राला ठाऊक आहे, तेवढाच आधार.

लाल शाईच्या नावापाशी घोटलेल्या कागदावर बोट फिरवून बघा. मसुद्यात खाडाखोड आहे, समासात भर घातलेली आहे, कुठे एखादे साल लिहायला जागा कोरी सोडली आहे. कारभार हाती आल्यावर सवडीने भरू म्हणून सोडलेली ती जागा. सवड कधी आली नाही.

काही मोठी चरित्रे सापडलीच नाहीत. दिल्लीची गादी ज्यांनी हवी तशी फिरवली त्या सय्यद बंधूंपैकी कुतुबुल्मुल्क अब्दुल्लाखानाचे चरित्र असेच गेलेले. एवढा माणूस गाळून उमरावांचा ग्रंथ उभा राहणार कसा? आझादांनी स्वतःच्या जुन्या लिखाणातला मजकूर आणून ती जागा भरली. मग प्रस्तावना लिहिली: ग्रंथ कुणी लिहिला, कसा गेला, कसा मिळाला. आणि मित्राचे चरित्र लिहिले. आयुष्यभर ज्याने एकाही उमरावासाठी लेखणी विकली नाही त्याने एका उमरावाबद्दल हातचे न राखता लिहिले. त्या उमरावाकडे तेव्हा देण्यासारखे काही उरलेले नव्हते, म्हणून ते चरित्र मी विश्वासाने वाचतो.

आझादांनी उभ्या केलेल्या या पहिल्या ग्रंथात २६१ चरित्रे बसली. दरम्यान शहराचे दिवस फिरले. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली दौलताबाद मराठ्यांकडे गेला. निजामअली गादीवर आला आणि १७६३ साली त्याने राजधानी हैदराबादला नेली. उमराव निघाले, कारकून निघाले, कवीही निघाले. आझाद हलले नाहीत. हिंदुस्थानाबद्दलचा अरबी ग्रंथ 'सुभतुल मरजान' त्यांनी याच काळात पुरा केला.

अब्दुल हई कैदेतून सुटून पुन्हा दरबारात उभा राहिला होता. बापाचे काम आझादांनी वाचवले, आता वाढवायचे काम आपले, असे त्याने ठरवले. १७६८ साली सुरुवात केली. बापाच्या कागदांत जी टिपणे उरली होती ती धरली, ज्यांच्यावर बाप लिहायचा राहिला होता ते उमराव घेतले, नंतर गेलेले सरदार घेतले. नोकरी सांभाळून बारा वर्षे तो हे करत होता. १७८० साली काम संपले तेव्हा चरित्रे सातशेच्या वर गेली होती, आणि आझादांची प्रस्तावना व त्यांनी लिहिलेले खानसाहेबांचे चरित्र त्याने आपल्या आवृत्तीत जसेच्या तसे पुढे ठेवले.

तेव्हा आझाद पंचाहत्तरी ओलांडलेले होते. आणखी सहा वर्षांनी, १७८६ साली, ते वारले. खुल्दाबादला, दिल्लीहून येऊन इथेच मातीत मिसळलेल्या अमीर हसन या जुन्या कवीच्या शेजारी, त्यांची कबर आहे. ती जागा त्यांनी जिवंतपणीच घेऊन ठेवली होती.

ग्रंथाच्या नकला हैदराबादला गेल्या, दिल्लीला गेल्या, समुद्रापार गेल्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८८ ते १८९१ या वर्षांत फारसी मजकूर तीन खंडांत छापला. पुढे हेन्री बेव्हरिज आणि बैनी प्रसाद यांनी इंग्रजीत आणला. मोगलांच्या काळावर काम करणारा अभ्यासक, मग तो पुण्याचा असो की लंडनचा, एखाद्या सरदाराचे साल किंवा सोयरसंबंध अडला की याच ग्रंथाकडे जातो. सिंदखेडच्या जाधवांवर लिहिणाऱ्यालाही हे दार ठोठावावे लागते.